माजी सैनिकाचं मन: गावानं सांभाळायचं की डॉक्टरनं?

महाडकर: महाड, पोलादपूर, खेड हा फौजींचा पट्टा. फौजी आंबवड्याचं तर नावच तसं. माणूस चाळिशीच्या आत पेन्शनीत येतो आणि मग सुरू होतं: झोप नाही, फटाका वाजला की अंग ताठ, पोरांवर खेकसणं, संध्याकाळी कॅन्टीनची बाटली. घरचे म्हणतात, फौजेचा ताठा आहे. ताठा नाही हो, आजार आहे! ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड फक्त बीपी-शुगरसाठी नाही. योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन झोपेचं, धडधडीचं स्पष्ट सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल मागा.

निवृत्त हवालदार: साफ अमान्य. आमच्यातले निम्मे जण बंदूक घेऊन बँकेच्या दारात उभे असतात. कागदावर मनाचा आजार चढला, उद्या शस्त्र परवाना अडला, तर घर कोण चालवणार? वाडीत तर एवढंच ऐकू येणार, "ह्याला रत्नागिरीला न्या." मी गावी आल्यावर कलमं लावली, भजनात बसायला लागलो, माणसांत राहिलो. बरा आहे.

फौजीची लेक: काका, तुम्हाला गुण आला याचा आनंद आहे. माझे बाबा बागेतही जात नव्हते, भजनाचा आवाज आला की दार लावून घ्यायचे. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याला माणसांत जा म्हणून काय उपयोग? शेवटी रत्नागिरीच्याच मनोरुग्णालयात नेलं. १८८६ पासूनचं आहे ते, आणि तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं, हे वाडीत कुणाला माहीतच नसतं. गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं म्हणून, नाहीतर आम्ही पहिल्याच आठवड्यात बंद केल्या असत्या. दारू सोडवणं मात्र गोळ्यांपेक्षा कठीण गेलं. आणि २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

देवगडवाला: दोघांचंही ऐकलं, पण जायचं कसं ते बोला. पावसाळ्यात एसटीनं जिल्ह्याला जायचं तर दिवस मोडतो. आधी फोन करा: टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही. सैन्यदलांसाठी १ डिसेंबर २०२३ला पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, टेलिमानसचा वेगळा कक्षही सुरू झाला. जीव नकोसा वाटतोय असं कुणी बोललं, तर फोनवर थांबू नका, त्याला एकटं न सोडता सरळ दवाखान्यात न्या.

निवृत्त हवालदार: लेकी, तुझ्या बाबांचं वाचून वाईट वाटलं. इतकं झालं तर डॉक्टर हवाच, ते मानतो. पण कायदा गुप्त ठेवतो म्हणालीस, परवान्याच्या फॉर्मवर विचारतात त्याचं काय?

महाडकर: हवालदारसाहेब, हा प्रश्न खरा आहे. पण त्या भीतीनं आजार अंगावर काढलेला माणूस हातात बंदूक घेऊन उभा राहतो, हे जास्त भयंकर नाही का? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मेळाव्यात पेन्शन आणि तिच्या 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर तास जातो. पुढच्या मेळाव्यात हे तुम्हीच उठून विचारा, मी शेजारी उभा राहतो.

निवृत्त हवालदार: विचारीन. पण आधी बिनबंदुकीच्या नोकऱ्यांचं विचारीन.