खुनाचा तपास आणि यंत्रमानव: आधी कुठली वाचायची?
रहस्य आणि विज्ञानकथा एकाच कादंबरीत हवी असं विचारलंत, तर आयझॅक असिमॉव्हची ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ (१९५४) आधी घ्या, मग ‘द नेकेड सन’ (१९५७). कोडं दुसरीतलं जास्त झकास. सोलारिया ग्रहावर माणसं जेमतेम २०,०००, माणशी १०,००० यंत्रमानव. समोरासमोर भेटणं तिथे किळसवाणं, बोलणंचालणं सगळं त्रिमित प्रतिमेतून. मग मारेकरी जवळ गेलाच कसा? यंत्रमानवाला तर असिमॉव्हने यंत्रमानवांसाठी घालून दिलेल्या पहिल्या नियमामुळे माणसाला इजा करता येत नाही! पहिलीतली बंदिस्त शहराची वर्णनं जरा लांबतात, पण गाळू नका. दोन्हीत खुनाचा तपास करणारा पोलीस बेली उघड्या आकाशाला का घाबरतो ते तिथेच कळतं, आणि सोलारियावर त्याची निम्मी ताकद त्या भीतीशी झगडण्यातच जाते.