डावखुऱ्याने साडेसात इंची नळीचं रिव्हॉल्व्हर कुठे बांधावं?

डावरा_चिपळूणकर

मंडळी, अमेरिकेत शिकारीला जाणारे तीन-चार जण इथे आहेत हे मागे हरणाच्या रश्श्यावरून झालेल्या भांडणात कळलं होतं. म्हणून विचारतो.

मी ओहायोत राहतो, कोलंबसच्या दक्षिणेला. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी इथे हरणांचा बंदुकीचा आठवडा सुरू होतो. तेव्हा रजा टाकून वेन नॅशनल फॉरेस्टमध्ये जातो. रायफल नाही, रिव्हॉल्व्हर. रुगर सुपर रेडहॉक, .44 मॅग्नम. इथल्या नियमाने हँडगनची नळी किमान 5 इंच लागते, माझी साडेसात आहे. रिकामं असताना वजन दीड किलो, एकूण लांबी 13 इंच. माझी उंची पाच फूट चार इंच आणि मी डावखुरा. म्हणजे दुकानात होल्स्टर (रिव्हॉल्व्हर ठेवायचा कप्पा) मागितलं की पोरगा मागच्या खोलीत जातो आणि हात हलवत परत येतो.

गेल्या वर्षी डाव्या कमरेला नायलॉनचं होल्स्टर लावून गेलो. पहिल्या दिवशी दीड तास चाल. पट्टा सारखा खाली. एका हाताने पँट धरून चढ चढलो, बालवाडीतल्या पोरासारखा. पडलेली झाडं ओलांडताना नळी दर वेळी अडकायची. पण खरी गंमत पुढे. ओकच्या बुंध्याशी घडीचं स्टूल टाकून बसलो. स्टूल बुटकं, होल्स्टर खालून उघडं. दोन तासांनी उठलो तर खाली जमिनीत बोटभर भोक. रिव्हॉल्व्हर काढून आधी सगळी काडतुसं बाहेर घेतली, मग तोंडाकडून पाहिलं, तर नळीत पेढ्याएवढा चिकणमातीचा बोळा! तशीच गोळी झाडली असती तर नळी फुटली असती. काडीने माती कोरायचं धाडस केलं नाही. साफ करायची सळी गाडीत, गाडी चाळीस मिनिटांवर. वाटेत दोन माद्या अगदी निवांत रस्ता ओलांडून गेल्या.

तिसऱ्या दिवशी नर आला, तोही तीस यार्डांवर. होल्स्टरचा व्हेल्क्रो उघडला. चर्रर्र. पांढरी शेपटी वर आणि पसार.

आता तीन पर्याय डोक्यात आहेत. उजव्या बाजूला पोटावर आडवं (क्रॉस-ड्रॉ), काखेतलं, किंवा छातीवरचं. छातीवरच्याचा फोटो बायकोला दाखवला तर म्हणाली, "घाल की, मंगळसूत्रासारखं." कोणी वापरलंय का?

अळूवडी_पेनसिल्व्हेनिया

दादा, कमरेचा नाद सोडा. साडेसात इंची नळी कमरेवरून उपसायची तर कोपर कानापर्यंत न्यावं लागतं. तुमच्या उंचीला तर हातच पुरणार नाही.

काखेतलं मी दोन सीझन वापरलं. आडव्या प्रकारात नळी मागच्या माणसाकडे रोखलेली राहते. माझ्या मागून माझा मेहुणा चालायचा, तो नुसता शिव्या घालायचा. लांब नळीला उभाच प्रकार लागतो. पण थंडीत जाड जॅकेटच्या आत हात घालून तो शोधत बसावं लागतं.

क्रॉस-ड्रॉ बसल्यावर फार सुखाचं, नळी मांडीवर आडवी पडते. पण तुम्ही डावखुरे, म्हणजे तुमचं उजव्या बाजूला येणार. तिथेच इथल्या, अमेरिकेतल्या गाड्यांत ड्रायव्हरच्या सीटबेल्टचं कुलूप असतं. शिवाय उपसताना स्वतःचा उजवा हात नळीसमोर येतो, तो आधी छातीशी घ्यायची सवय लावावी लागते.

मी आता छातीवर वापरते. सगळ्या कपड्यांच्या वरून. वजन कमरेवर नाही, खांद्यावर आणि पाठीवर वाटलं जातं, म्हणून खांद्यावरचा पट्टा दोन इंचाच्या आत घेऊ नका. खांदा कापतो. डावखुऱ्याचं वेगळं बनवून घ्यावं लागतं: मूठ डाव्या हाताकडे, नळी उजव्या कमरेकडे. एक बघा, आमच्याकडे डोकं, छाती, पाठ मिळून 250 चौरस इंच केशरी रंग दिसावा लागतो आणि होल्स्टर त्यातला बराच झाकतं. मी टोपीही केशरीच घालते.

तुम्ही झाडावर मचाणात बसता का? बसत असाल तर सुरक्षेच्या हार्नेसचे पट्टे आणि हे एकमेकांत गुंततात.

डावरा_चिपळूणकर

ताई, मचाण घरून बंद आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून जमिनीवरच. सीटबेल्टचं तर डोक्यातच आलं नव्हतं.

पुण्याचा_पोपट

भारतात 1972 च्या कायद्याने बंद झालेली गोष्ट परदेशात जाऊन करायची आणि वर धागा काढायचा. धन्य.

डावरा_चिपळूणकर

पोपटराव, परवाना काढून एक हरिण मारतो, खिमा फ्रीजरमध्ये वर्षभर पुरतो. तुम्ही मटण कुठून आणता ते विचारत नाही. असो.

पायताण_कोल्हापूर

भावा, मी शिकारीतला न्हाई, पण चामड्यातला हाय. आमच्या घरात तीन पिढ्या चप्पल. गेली अकरा वर्षं टेक्सासात, हौस म्हणून होल्स्टर शिवतो.

नायलॉन टाकून दे. कायडेक्स, म्हंजे कडक प्लास्टिकचं, घट्ट बसतं, पावसात काय होत न्हाई, पण फांदी घासली की प्लास्टिकचा डबा वाजल्यागत वाजतं. चामडं घे, पण कशानं कमावलंय ते विचारून. आमच्याकडं बाभळीची साल आणि हिरडा, तसं झाडाच्या रसानं कमावलेलं पायजे. तेच ओलं करून रिव्हॉल्व्हरच्या अंगाबरोबर दाबून बसवता येतं. क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं मऊ चामडं आकार धरत न्हाई, आणि ते क्षार लोखंडाला खातात. चांगलं चामडं असलं तरी घरी आल्यावर रिव्हॉल्व्हर त्यातनं काढून ठेव. चामडं ओल धरतं, गंज चढतो.

व्हेल्क्रोऐवजी हॅमरवरनं (मागच्या घोड्यावरनं) जाणारा पट्टा आणि बटण. बटण अंगठ्यानं दाबून सोडलं तर आवाज होत न्हाई. आणि खालचं तोंड बंद शिवून घे, पाणी निघायला बारीक भोक ठेवून. मातीचा पेढा परत नको.

पैसे घालायच्या आधी एक कर. पुठ्ठा कापून कप्पा कर, त्यात दीड किलो तांदळाची पिशवी घाल, जुन्या ओढणीनं छातीवर बांध आणि घरभर हिंड. बुटाची नाडी बांध, स्टुलावर बस. कुठं टोचतं ते कळंल.

डावरा_चिपळूणकर

दोन महिन्यांनी परत आलोय. तांदळाची पिशवी बांधून तासभर घरात फिरलो, मुलीने व्हिडिओ काढला. त्यातून एक कळलं: होल्स्टर मधोमध असेल तर वाकताना मूठ हनुवटीला लागते. म्हणून चार बोटं खाली आणि थोडं डावीकडे घेऊन माप दिलं. डावखुरं असल्यामुळे सहा आठवडे थांबावं लागलं.

रिकामं रिव्हॉल्व्हर आणि नकली काडतुसं घेऊन रोज वीस वेळा उपसायचं आणि बघत बघत परत ठेवायचं, असं चालू आहे. स्टुलावर नळी जमिनीपासून हातभर वर राहते. गाडीत बसण्याआधी सिलिंडर रिकामा करून सगळं काढून पेटीत, त्यामुळे सीटबेल्टचा प्रश्नच मिटला. बायनॉक्युलर मात्र मुठीवर आपटतो, तो आता खिशात.

एकच त्रास. वळलो की खांद्यावरचा पट्टा करकरतो. शांत जंगलात फार मोठा वाटतो तो आवाज. तेल लावू का?

पायताण_कोल्हापूर

आमच्याकडं करकर वाजावी म्हणून गिऱ्हाईक जादा पैसे देतं आणि तुला ती नको! तेल नको लावू, कप्पा सैल पडंल. जिथं चामडं चामड्यावर घासतं, म्हणजे कडीच्या आत आणि खांद्याच्या जोडावर, तिथं मधमाशीचं मेण बोटानं चोळ. रातभर ठेव. सकाळी परत वळून बघ.