ड्रॅक्युला वाईट कशामुळे? नववीतल्या मुलाला काय सांगू?

शनिवारच्या आजी (कोथरूड)

शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मुलांना पुस्तक वाचून दाखवते. सात-आठ जण येतात. यंदा पावसाळ्यात सगळ्यांनी भुताच्या गोष्टीचा हट्ट धरला, म्हणून 'ड्रॅक्युला' काढलं. इंग्रजी पुस्तक समोर ठेवते आणि वाचता वाचता मराठीत सांगत जाते.

मुलांमध्ये आमच्या वॉचमनचा मुलगा असतो. आईवडील नेपाळचे, पण हा पुण्यातच जन्मला. महापालिकेच्या मराठी शाळेत नववीला आहे, पंपाच्या शेजारच्या खोलीत राहतात. 'पाणी'तला ण माझ्या नातवाला अजून जमत नाही, या मुलाचा कधी चुकत नाही.

दुसऱ्या प्रकरणात काउंट, म्हणजे रक्त पिणारा ड्रॅक्युला, त्या तरुण वकिलाला, हार्करला, थांबवून घेतो तो प्रसंग आठवत असेल. काउंट सांगतो की त्याचं इंग्रजी पुस्तकातून शिकलेलं आहे. आपल्या मुलखात तो सरदार, सगळे त्याला ओळखतात. लंडनमध्ये मात्र तोंड उघडलं की हा परका आहे हे लोकांना कळेल आणि परक्याला कोणी विचारत नाही. म्हणून थोडे दिवस राहा आणि बोलताना माझी बारीकशी चूक झाली तरी सांग, असं तो म्हणतो. मी भराभर पुढे जाणार होते. हा मुलगा म्हणाला, "आजी, रक्त प्यायला बोलता कशाला यायला हवं?"

मी म्हटलं, लोकांनी ओळखू नये म्हणून.

"ओळखलं तर काय होतं?"

मला उत्तर सुचलं नाही. पान उलटलं आणि पुढे वाचायला लागले. त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली की हॉल फक्त सभासदांच्या मुलांसाठी आहे आणि बाहेरच्यांना आत घेऊ नये. नाव कोणाचंच नव्हतं. 'बाहेरचे' म्हणजे कोण हे शंभर घरांना कळलं.

आता शनिवारी त्याच्यापुढे पुस्तक उघडताना घशात काहीतरी अडकतं. ही गोष्टच परक्या माणसाच्या भीतीवर उभी आहे का? असेल तर मुलांना ती कशी सांगायची? तुमच्यापैकी ज्यांनी शिकवलंय, वाचलंय, त्यांनी कृपया मनापासून लिहा.

खडूफळा

आजी, कॉलेजात हे पुस्तक बारा वर्षं शिकवतोय. मुलाने बरोबर जागी बोट ठेवलंय.

पुस्तक 1897 चं. 1881 नंतर रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ले सुरू झाले आणि हजारो कुटुंबं लंडनच्या पूर्व भागात येऊन राहिली. हे लोक रोग आणतात, धंदा बळकावतात, गुपचूप घरं घेतात अशी ओरड तिथे वर्षानुवर्षं चालली होती. अखेर 1905 मध्ये परदेशी माणसांना बंदरावरच अडवता येईल असा कायदा झाला. आता काउंट काय करतो ते बघा. पूर्वेकडून जहाजाने येतो, मातीचे पन्नास खोके आणतो, वकिलामार्फत रीतसर घर विकत घेतो. त्या काळच्या वाचकाला ही भीती नवी नव्हती, कादंबरीने तिला फक्त सुळे दिले.

पण लेखक ब्रॅम स्टोकर स्वतः डब्लिनचा. लंडनच्या लायसियम थिएटरचं व्यवस्थापन सांभाळत आयुष्य काढलेला आयरिश माणूस. उच्चारावरून परका ओळखला जाणं म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. काउंटचं ते बोलणं इतकं खरं वाटतं ते त्यामुळेच, असं मला वाटतं.

शिवाय काउंटला मारणाऱ्यांत कोण कोण आहे? प्रोफेसर व्हॅन हेल्सिंग डच, त्याचं इंग्रजी पुस्तकभर मोडकंतोडकंच राहतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. क्विन्सी मॉरिस टेक्सासचा, शेवटी मरतोही तोच. म्हणजे परक्यांतही चालणारे आणि न चालणारे अशी निवड आहे. मुलांना नेमकं तेच विचारा: हा परका घरातला कसा झाला आणि तो का नाही?

आणि शेवटच्या प्रकरणाची तयारी ठेवा. हार्करच्या हातात खुकरी आहे, नेपाळी सुरा. ती काउंटच्या गळ्यावर चालते आणि मॉरिसचा सुरा काळजात जातो. तुमचा श्रोता तिथे गप्प बसणार नाही.

वाड्यातली

मी सदाशिव पेठेत वाढले. आमच्याकडे 1897 सालाची वेगळीच आठवण सांगायचे. ते प्लेगचं वर्ष. मार्चपासून रँडच्या हुकमाने गोरे सोजीर घरोघरी रोगी शोधत फिरायचे. पणजीच्या सासूबाई सांगायच्या की बूट घालून माणसं थेट देवघरापर्यंत यायची. ओटीवर उभं राहून विचारायची पद्धतच नाही. त्यांनी संपूर्ण आयुष्यात पाहिलेला राक्षस तोच. 'ड्रॅक्युला' त्याच वर्षी मेच्या अखेरीस लंडनला छापून आलं, आणि 22 जूनच्या रात्री चाफेकरांनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. पुस्तकातल्या पिशाचाला निदान घरातल्या कोणी 'ये' म्हटल्याशिवाय पहिल्यांदा आत शिरता येत नाही.

त्याच जानेवारीत मुंबईत हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. तो ओडेसाचा ज्यू, म्हणजे लंडनकर ज्यांना घाबरत होते त्यांच्यातलाच. आपल्याकडेही लोक त्याच्या सुईला घाबरले. रक्तात काय घालतोय कोण जाणे!

आणखी एक गोष्ट, ती वाचल्यावर मला रात्री झोप लागली नव्हती. स्टोकरच्या आईने लहानपणी, 1832 मध्ये, आयर्लंडच्या स्लायगो गावात कॉलऱ्याची साथ पाहिली होती आणि ते तिने लिहून ठेवलंय. रस्त्यात आजारी पडलेल्या एका वाटसरूला लोकांनी लांब काठ्यांनी ढकलत खड्ड्यात लोटलं आणि जिवंतच पुरलं. आपल्या कुशीतल्या आजारी पोराला, म्हणजे स्टोकरला, तिने असल्या आठवणी सांगितल्या होत्या. मला विचाराल तर जिवंत पुरलेला माणूस मातीतून उठून येतो ही भीती तिथली आहे. ज्यांनी पुरलं, त्यांची.

पौडकर

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. पोरांना भीती हवी असते, ती द्या. प्रत्येक गोष्टीचा धडा केला की पोरं पुढच्या शनिवारी येत नाहीत.

आणि आपली भुतं कुठे बाहेरची आहेत? मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला आपलाच पोरगा. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली आपलीच सून. आमच्या वाडीत विहिरीवरच्या पिंपळाखालून जाताना आजी पदर डोक्यावर घ्यायची आणि हळूच म्हणायची, "बाळा, जाऊ दे आम्हाला." भुताला बाळा म्हणायची! त्याला ती नावानिशी ओळखत होती, तिच्या चुलतदिराचा मुलगा होता तो. वेताळ तर गावाची राखण करतो. तुमच्या कोथरूडमागच्या टेकडीवर आहेच की त्याचं देऊळ.

मुलांना एकदा ही भुतं सांगा. मग काउंटकडे परत या. आपोआप विचारतील की हा कोणाच्या घरचा?

शनिवारच्या आजी (कोथरूड)

सगळ्यांचे आभार. पौडकर, तुमच्या आजीचं "बाळा" मी तसंच्या तसं सांगितलं. दोन मुली रडल्या.

गेल्या शनिवारी हॉल घेतला नाही, मुलांना माझ्याच घरी बोलावलं. सगळी धाडधाड आत आली. हा मात्र चपला काढून दारातच उभा राहिला. तीन वर्षं याला ओळखते, पण तो माझ्या घरात कधीच आला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. मी "ये रे" म्हटलं तेव्हा आत आला आणि खिडकीखाली बसला.

'ड्रॅक्युला' एक दिवस बाजूला ठेवून 'फ्रँकेन्स्टाईन'मधला तो आंधळ्या म्हाताऱ्याचा भाग वाचला. 1818 चं पुस्तक. शास्त्रज्ञाने घडवलेला तो विद्रूप प्राणी एका कुटुंबाच्या झोपडीच्या आडोशाला महिनोन् महिने लपून राहतो, रात्री त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो, भिंतीच्या फटीतून ऐकत ऐकत भाषा शिकतो. एके दिवशी म्हातारा एकटा असताना दार ठोठावतो. म्हाताऱ्याला दिसत नाही, तो बोलणं ऐकतो आणि विचारतो, तुम्ही आमच्याच देशाचे का, फ्रेंच? एवढ्यात मुलं परत येतात, आणि मुलगा काठीने त्याला बडवतो.

मी थांबले. कोणी काही बोलेना. मग हा म्हणाला, "मला पण विचारतात, मूळचा कुठला. मराठी ऐकल्यावर नाही विचारत, तोंड बघितल्यावर विचारतात."

माझा नातू त्याच्या शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "कोण विचारतं?" यावर हा नुसता हसला. थोड्या वेळाने त्याने मला विचारलं, "तो म्हाताऱ्याला परत भेटतो का?"

नाही, म्हटलं. ती माणसं घाबरून घर सोडून जातात.

सूचनेबद्दल मी सेक्रेटरींना पत्र दिलंय. पाच घरांनी सह्या केल्या, बाकीचे बघू म्हणतात. या शनिवारी सगळे माझ्याकडेच येणार आहेत. शेवटचं प्रकरण आहे आणि खुकरीचं मी त्याला आधीच सांगून ठेवलंय. वडिलांची आणून दाखवू का, असं विचारत होता. म्हटलं, वडिलांना विचार आणि त्यांनाही घेऊन ये.