मदत हवी आहे : ऑस्टिन, हार्ट आणि आमची गावकी

नमस्कार मंडळी,

मी तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विधिशास्त्राचा (कायदा म्हणजे नेमकं काय, याच्या तत्त्वज्ञानाचा) पेपर आमच्या वर्गात बहुतेक जण शेवटच्या आठवड्यात गाइडवरून पाठ करतात. मीही तेच करणार होते, पण जॉन ऑस्टिन या इंग्रज विचारवंतापाशीच अडकले.

आमचं गाव रायगड जिल्ह्यातलं. मी सातवीत असताना गावकीने, म्हणजे गावाच्या पंचमंडळीने, आमच्या काकांना वाळीत टाकलं. जमिनीच्या भांडणात ते पंचांकडे न जाता थेट कोर्टात गेले, एवढंच कारण. दंड ठरला, काकांनी भरला नाही. गिरणीवर दळण घेईनात, लग्नाची बोलावणी थांबली. आजी गेली तेव्हा खांदा द्यायला बाहेरगावचे नातेवाईक येईपर्यंत दुपार उलटली. त्या रात्री शेजारच्या काकू मागच्या दाराने पिठलं-भात ठेवून गेल्या आणि आईला म्हणाल्या, "काय करू गं, गावाचा नियम आहे."

तो ‘नियम’ शब्द माझ्या डोक्यातून जात नाही.

ऑस्टिनच्या मते कायदा म्हणजे सार्वभौमाची, म्हणजे सर्वोच्च सत्तेची, आज्ञा, आणि ती मोडली तर शिक्षेचा धाक. या मापाने महाराष्ट्राचा २०१६चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा पुरेपूर कायदा ठरतो. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. (आमच्या वेळी तो नव्हता.) गावकीचा ठराव ऑस्टिनच्या लेखी कायदाच नाही. पण गाव ऐकतं ते गावकीचं!

ऑस्टिनवर टीका करणारा नंतरचा इंग्रज विचारवंत एच. एल. ए. हार्ट म्हणतो, नुसत्या धाकाने नियम होत नाही, तसं तर बंदूक रोखणारा दरोडेखोरही हुकूम सोडतो. नियमाला एक आतली बाजू असते. माणसं तो आपला मानतात, मोडणाऱ्याला बोल लावतात. मग काकूंना गावकीचा नियम पटला होता, की पुढचा नंबर आपला लागेल ही भीती होती? मला वाटतं दोन्ही, आणि हार्टच्या चौकटीत हे ‘दोन्ही’ कुठे बसवायचं तेच कळत नाही. प्रश्न फक्त मार्कांचा नाही. भीतीच असेल तर पोलिसांनी वेळेवर गुन्हा नोंदवला की बरंच काम होईल. नियम मनातून मान्य असेल, तर गावाच्या दृष्टीने सरकारचा कायदाच बाहेरून आलेला धाक ठरतो.

सेमिनार पेपर यावरच लिहायचा आहे. सर म्हणाले, "नुसती हकीकत नको, तत्त्व दाखव." म्हणून विचारते :

कायद्याचं बळ असलेली रूढी घटनेच्या कलम १३ मध्ये ‘कायदा’ या शब्दात येते. गावकीचा दंड तिथपर्यंत पोचतो का, की मुळात ते बळ कोर्टाने मानल्याशिवाय येतच नाही? शिवाय मुंबई राज्याचा १९४९चा बहिष्कृतीविरोधी कायदा सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या खटल्यात चार विरुद्ध एक मताने रद्द केला, धर्मसंप्रदायाच्या स्वातंत्र्याच्या आधारावर. सरन्यायाधीश सिन्हांचं विरोधी मत मला जास्त पटतं. पण आमची गावकी काही धर्मसंप्रदाय नाही, तेव्हा हा निकाल पेपरात घ्यावा की विषय भरकटेल?

हार्ट मुळातून वाचायला घेतला, पण माझं इंग्रजी तोकडं पडतं. कुणी हा विषय मराठीतून शिकवत असेल तर कुठून सुरुवात करू, सांगा.

आणि एक. काका अजून गावातच राहतात. लोकांशी बोलून लिहायचं तर त्यांना त्रास होणार नाही अशी काय काळजी घ्यावी? असं काम केलेल्या कुणी अनुभव सांगितला तर फार मदत होईल. विषय दिवाळीच्या सुट्टीआधी द्यायचा आहे.