विषय: पुन: पुन: पायदुखी – आधी रक्त की आधी गोळी?

एक्स-रे झाला, फ्रॅक्चर नाही. पण पिल्लू अजून पाऊल टाकत नाही. उचललं की किंचाळतो, गुडघ्याला हात लावू देत नाही. हिरड्या सुजून जांभळ्या झाल्यात, ब्रश लावला की रक्त. त्याच्या खाण्याचं तुम्हाला माहीतच आहे, फळ-भाजी तोंडात जात नाही. रक्ततपासणी गुरुवारी आहे. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घरात आहेत, आजपासून देऊ का?
– पिल्लूची आई

> आजपासून देऊ का?
दे. पोर कळवळतंय आणि आपण रिपोर्टची वाट बघायची? पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व आहे, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं.
– आबा

आबा, तुमचा जीव तुटतोय ते कळतं, पण आधी रक्त. गोळ्या सुरू झाल्या की रक्तातली पातळी भराभर वर येते आणि रिपोर्ट नॉर्मल दिसतो. मग ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग), हाडातला जंतुसंसर्ग, संधिवात असा शोध लांबत जातो, कधी बोन मॅरोच्या, म्हणजे हाडातल्या मज्जेच्या तपासणीपर्यंत. मात्र गुरुवारपर्यंतही थांबू नका. आत्ताच फोन करा, ‘मूल चालत नाही, हिरड्यांतून रक्त येतं, स्कर्व्हीची शंका आहे’ एवढं स्पष्ट सांगा आणि आजच रक्त घ्यायला लावा. स्कर्व्ही म्हणजे व्हिटॅमिन सीच्या अभावाने होणारा आजार. ताप असेल तर थेट इमर्जन्सी.

एक्स-रेही पुन्हा बघायला सांगा. गुडघ्याजवळ हाडाच्या टोकाला दाट पांढरी रेघ, टोकाच्या गाभ्याभोवती पांढरं कडं. फ्रॅक्चर शोधताना हे नजरेतून सुटतं. सी नसेल तर कोलॅजन, म्हणजे शरीराला बांधून ठेवणारं प्रथिन, पक्कं बनत नाही, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि हाडाच्या आवरणाखाली रक्त साचतं. म्हणून तो हात लावू देत नाही. पोटऱ्यांवर केसांच्या मुळाशी लाल ठिपके आहेत का? केस पिळवटलेले?
– डॉक्टरताई

आमच्या धाकटीचेही पाय दुखायचे. वाढीचं दुखणं निघालं, तेल लावून थांबलं.
– माई

माई, वाढीचं दुखणं रात्री येतं, बहुधा दोन्ही पायांत, आणि सकाळी पोर उड्या मारतं. लंगडणं त्यात बसत नाही. चोळू तर अजिबात नका.
– डॉक्टरताई

औषधाची मात्रा आपल्या ईमेल लिस्टवर लिहायची नाही, हे मागच्या प्रकारानंतर कार्यकारिणीत ठरलंय. आठवण म्हणून.
– सचिव

सचिव, मात्रा कोणीच लिहिलेली नाही. आणि हा विषय आमच्या विशेष मुलांच्या पालकगटात आधी यायला हवा होता. ऑटिझम असलेली बरीच मुलं तीन-चारच पदार्थांवर राहतात. माझ्या लेकाचं वजन उत्तम होतं, म्हणून खाण्याबद्दल कोणी विचारलंच नाही. महिनोन्महिने नुसती फिजिओथेरपी चालली. स्कर्व्हीचं निदान झालं आणि औषध सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत त्याचं रडणं थांबलं. पिल्लूच्या आई, रोज काय खातो ते कागदावर लिहून न्या आणि डॉक्टरांच्या हातात द्या. आणि लोहही तपासून घ्या. सी कमी असलं की लोह नीट शोषलं जात नाही.
– पालकगट

दुपारी रक्त घेतलं. ठिपके आहेत, दोन्ही पोटऱ्यांवर. पहिला डोस तिथेच दिला, मात्रा त्यांनीच लिहून दिली. दातांच्या डॉक्टरांची उद्याची वेळ रद्द करू का?
– पिल्लूची आई

रद्द नको, पुढे ढकला. आत्ता हिरडीला हात लागला तर फार रक्त येईल.
– डॉक्टरताई