मदत हवी आहे: कूलर लावला की मुलीच्या तबल्याचा ‘ना’ हा बोल बसतो

मनीषनगरची_आई
मुलगी ८ वर्षांची. तबला साडेपाच इंची, शिसमचा, काळी एक या सुराला (पेटीची पहिली काळी पट्टी) लावलेला. डग्गा (डाव्या हाताचा) तांब्याचा, ९ इंची. सकाळी सूर बरोबर असतो. दुपारी कूलरसमोर रियाजाला बसली की थोड्याच वेळात तबला पांढरी एककडे (अर्धा स्वर खाली) उतरतो, तोही सगळीकडून सारखा नाही. ज्या बाजूला झोत लागतो तिथली घरं (काठाचे चामडी पट्ट्यांमधले भाग) जास्त ढिली. मग ती जोर लावते आणि बोटं दुखतात म्हणते. क्लासला सुट्ट्या आहेत, सर गावाला गेलेत. गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकून सूर चढवू का? की तिच्या हातातच काही चुकतंय?

खर्ज
ताई, लगेच गट्ट्यांना हात लावू नका. पुडी (वरचा वाजवायचा भाग) कातड्याची, ओलावा धरला की सैल पडते. तशा अवस्थेत तुम्ही गट्टे ठोकून सूर मिळवला, आणि रात्री कूलर बंद झाल्यावर आपली मे महिन्यातली कोरडी हवा लागली, की तीच पुडी गरजेपेक्षा जास्त ताणली जाते. गजऱ्यापाशी (काठाच्या वेणीपाशी) फाटते ती अशानेच.

रियाजापुरता कूलरचा पंप बंद ठेवा, नुसता पंखा चालू द्या, खिडकी उघडी ठेवा. तबला झोताच्या समोर नको, बाजूला. कव्हर काढून अर्धा तास त्याच खोलीत राहू द्या आणि मगच लावा. लावायचं काम गजऱ्यावर: वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. घरं १६. एका घरावर ठोकलं की लगेच त्याच्या बरोबर समोरचं घर ऐकायचं, ओळीने गोल फिरत जायचं नाही. फरक अर्ध्या स्वरापेक्षा जास्त असेल तेव्हाच गट्टे. हातोडी मोठ्यांनीच धरायची, आणि ती चाटेला (पुडीच्या कडेची पट्टी) किंवा शाईला (काळा गोल) लागता कामा नये.

गजरा१६
हाताचं म्हणाल तर आधी हे करून बघा. तबला सुरात असताना तिला ‘तूं’ वाजवायला सांगा. तर्जनी शाईवर मारून लगेच उचलायची, बाकी कुठलंच बोट टेकलेलं नको. ‘तूं’ घुमला पण ‘ना’ बंद आला, तर हात. दोन्ही बंद आले, तर तबला.

मनीषनगरची_आई
पंप बंद करून, लावून घेऊन पाहिलं. ‘तूं’ छान घुमतो. ‘ना’ अजूनही ठक्क असाच येतो.

गजरा१६
मग अनामिका दाबली जातेय. ‘ना’ला अनामिका शाईच्या कडेवर फक्त टेकलेली हवी, मधलं बोट वर, आणि तर्जनी चाटेवर पडून लगेच परतली पाहिजे. अनामिकेचा भार वाढला की पुडीचं कंपन तिथेच मरतं. ती पूर्ण उचलली तर ‘ना’चा स्पष्ट सूर हरवून भलताच गुंजारव येतो. लहान मुलं ती दाबतात याचं मूळ बहुतेक वेळा खांद्यात असतं. तबला उंच पडतो, कोपर वर जातं, मनगट वाकतं आणि सगळा भार बोटांवर येतो. तबल्याची उंची कमी होत नाही, म्हणून मुलीला बसायला खाली घोंगडीची घडी द्या. कोपर तबल्याच्या काठाच्या किंचित वर आणि खांदा सैल, एवढं जमलं की अर्धं काम झालं. तबल्याखालची चुंबळही पातळ घ्या.

९ इंची डग्गा तिच्या हाताला मोठा आहे. मैदानाची (शाईभोवतीच्या मोकळ्या कातड्याची) रुंद बाजू मनगटाकडे आहे ना, ते पाहा. उलटा ठेवला असेल तर बोटं शाईपलीकडे पोचत नाहीत आणि ‘घे’ घुमत नाही.

खर्ज
सर येईपर्यंत ‘तिरकिट’ नको, हात आखडतो. तीनतालाचा ठेका आधी तोंडाने म्हणायचा: १, ५, १३ व्या मात्रेला टाळी, ९ व्या मात्रेला खाली (टाळी न देता). मग मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत १५ मिनिटं सकाळी, १५ संध्याकाळी. दुपार सोडूनच द्या.

मनीषनगरची_आई
घडी दिली, कोपर बसलं. घामासाठी पावडर लावू का?

गजरा१६
हाताला चिमूटभर, पुडीवर नाही. पुसायला कोरडं सुती फडकं. ओलं फडकं शाईवर फिरवू नका. लोखंडाची भुकटी खळीत बसवलेली असते, पाणी लागलं की खवले सुटतात आणि झरझर आवाज येतो. तो एकदा सुरू झाला की हातोडीने जात नाही, शाई नाहीतर पुडी बदलावी लागते. आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत तबला ठेवू नका.