शब्दचर्चा : निषेध, बंड की विद्रोह?

प्रश्न : कोल्हापुरात आमच्या वाचनकट्ट्यावर परवा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कवींवर बोलणं झालं. 'प्रोटेस्ट पोएट्री'ला मी 'निषेधाची कविता' म्हटलं, तर एक आजोबा म्हणाले, "निषेध नव्हे, विद्रोह म्हणा." फरक काय? आणि 'बंड' का नको?

उत्तर : आजोबांचं बरोबर वाटतं. शब्दासोबत कुठलं क्रियापद येतं ते बघा. निषेध आपण 'नोंदवतो'. बिंदू चौकात जमायचं, काळ्या फिती लावायच्या, निवेदन द्यायचं. तो बहुतेक वेळा एका घटनेपुरता असतो. बंड 'मोडून काढलं' जातं, म्हणजे हा शब्द बहुधा सत्तेच्या तोंडचा. सत्तावनचं 'बंड' कोण म्हणे आणि 'स्वातंत्र्यसमर' कोण, आठवा. शिवाय हल्ली बंडखोर म्हटलं की तिकीट न मिळालेला उमेदवारच डोळ्यांपुढे येतो.

'विद्रोह'मध्ये द्रुह् धातू आहे. मित्रद्रोह, राजद्रोह यांतलाच. परक्याशी होतं ते वैर. द्रोह व्हायला आधी नातं लागतं. म्हणून विद्रोही माणूस आतला असतो, घरातलीच हत्यारं उचलतो. क्लॉड मॅकेची 'इफ वी मस्ट डाय' ही कविता 1919 ची. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत काळ्यांवर ठिकठिकाणी हल्ले झाले होते. जमैकात जन्मलेल्या या कवीनं त्यासाठी घेतलं काय, तर इंग्रजी कवितेतलं मानाचं सुनीत! चौदा ओळी, चोख यमकं, आणि आत मरायचंच तर लढत मरू ही हाक. 'काळा' हा शब्द एकदाही नाही. मला ही कविता दरवेळी हलवते.

त्याच सुमारास आपल्या भागात सत्यशोधक जलसे गावोगाव होत होते. साचा तमाशाचा, लोकांच्या ओळखीचा, आणि आतून जातिव्यवस्थेवर घाव. हाही विद्रोहच.

प्रश्नकर्ता : मग चोखोबांचे अभंग कुठं बसवायचे?

उत्तर : तिथं मी 'गाऱ्हाणं' म्हणेन. ऐकणारा विठ्ठल समोर आहे, हे त्यात धरलेलं असतं.

आणखी एक : हे मला पटत नाही. देवळाबाहेर उभं राहून देवालाच जाब विचारणं गाऱ्हाण्याच्या पुढचं आहे. आणि 'नकार' राहिलाच की! 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर ही संघटना उभी राहिली, नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलेलं. त्या पिढीच्या लेखनावर बोलताना नकार आणि विद्रोह हे शब्द जोडीनं येतात.

उत्तर : 'जाब' हा शब्द मला सुचला नव्हता. चोखोबांसाठी तोच घ्या.